व्हीडीआरएलची कुळकथा

गरोदर बाईच्या पहिल्या रक्ततपासणीच्या कागदावर हिमोग्लोबिन आणि रक्तगटाच्या खाली ‘व्हीडीआरएल’ असतं. समोर बहुतेकदा ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ लिहून येतं आणि कागद फाइलीत जातो. ही तपासणी उपदंशाची, म्हणजे गरमीची, हे घरी कुणी फारसं विचारत नाही आणि दवाखान्यातही कुणी आपणहून सांगत नाही.

तिचा मूळपुरुष बर्लिनचा. १९०५ साली तिथे शाउडिन आणि होफमान यांना उपदंशाचा मळसूत्री जंतू सापडला. पुढच्याच वर्षी वासरमान, नायसर आणि ब्रुक यांनी रक्तावरून रोग ओळखायची चाचणी काढली. तिला जंतूंचा अर्क हवा होता, पण हा जंतू प्रयोगशाळेत वाढेना. मग तो खच्चून भरलेला असेल असा अवयव निवडला गेला: उपदंशानं पोटातच दगावलेल्या अर्भकाचं यकृत.

वर्षभरात कळलं की निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अर्कही तेच काम करतो! म्हणजे चाचणी जंतूला धरतच नव्हती. रोगात शरीर एका स्निग्ध पदार्थाविरुद्ध जी प्रतिपिंडं बनवतं, ती तिला सापडत होती. तर्क साफ चुकला, चाचणी मात्र टिकली.

तिनं एक जुना समजही मोडला. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी १८३७ मध्ये लिहून ठेवलं होतं की उपदंशी बाळाला पाजताना दाईला रोग लागतो, आईला लागत नाही. त्यावरून आई निरोगीच, रोग बापाकडून थेट बाळात आला, असं डॉक्टर धरून चालले. अशा आयांचं रक्त तपासलं, तर ते दूषित निघालं. आईला रोग आधीच झालेला होता. फक्त बाहेर काही दिसत नव्हतं.

१९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून तो स्निग्ध पदार्थ, कार्डिओलिपिन, शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्यावर आधारलेली सोपी चाचणी १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या गुप्तरोग प्रयोगशाळेत तयार झाली. त्या प्रयोगशाळेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं तिला चिकटली. काचपट्टीवर रक्तद्रव आणि अर्काचा थेंब, चार मिनिटं फिरवणं, मग सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या दिसतात का ते पाहणं. बस्स. त्याच बेटावर १९४३ मध्ये जॉन महोनी यांनी पेनिसिलिननं उपदंश बरा करून दाखवला होता. निदान आणि औषध, दोन्ही एकाच अंगणातली.

उपचाराविना जंतू वारेतून गर्भात शिरतो. गर्भपात होतो, मूल मृत जन्मतं, किंवा धडधाकट दिसणाऱ्या बाळाचं काही आठवड्यांनी नाक वाहू लागतं, तळहात-तळपायांवर पुरळ उठतं, हाडं इतकी दुखतात की ते हात हलवत नाही. बाळंतपणाच्या किमान महिनाभर आधी आईला बेंझाथिन पेनिसिलिन मिळालं, तर बहुतेकदा हे टळतं.

नवजात बाळाच्या अहवालानं मात्र एकदम घाबरू नये. आईची प्रतिपिंडं वारेतून त्याच्यात उतरलेली असतात. म्हणून डॉक्टर बाळाचं प्रमाण आईच्या प्रमाणाशी ताडून पाहतात. ते चौपट निघालं तर रोग बाळाचा स्वतःचा. नाहीतर बाळाची नीट तपासणी करून, ते प्रमाण उतरेपर्यंत दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रक्त घेतात.