सही ऑडिटरची, पैसा कोणाचा?

मंडळी, कवठ्यात ऑडिटवर बोलायचं तर सुरुवात आपल्याच तालुक्यातल्या कर्डे गावापासून करायला हवी. डिसेंबर १८७४. जेमतेम १५० रुपयांच्या कर्जापायी काळुराम सावकारानं बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि घर पाडायला घेतलं. गाव चिडलं, बहिष्कार पडला. पुढे १२ मे १८७५ ला सुप्याला दंगा झाला. लोकांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. ज्या वहीनं माणूस बांधला, ती त्याला वाचता येत नव्हती, आणि तपासणारा तिसरा कोणी नव्हता. १८७९ च्या कायद्यानं म्हणूनच शेतकऱ्याला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला.

आज तो तिसरा माणूस आहे, ऑडिटर. पण त्याची नेमणूक संस्था करते. त्याच्या सहीवर विसंबून पैसे ठेवणारा कायद्याच्या लेखी परका.

१९३१ साली न्यूयॉर्कात हाच प्रश्न आला. टूश या फर्मनं तपासलेला ताळेबंद पाहून अल्ट्रामेअर्सनं एका रबर व्यापारी कंपनीला कर्ज दिलं. कंपनी आतून पोकळ निघाली. ताळेबंदाच्या ३२ प्रती फर्मनंच दिलेल्या, म्हणजे त्या कोणाला तरी दाखवल्या जाणार हे उघड होतं! तरी न्यायमूर्ती कार्डोझो म्हणाले, फसवणूक असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या हलगर्जीसाठी परक्यांना भरपाई द्यायची तर तिला अंतच राहणार नाही.

ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. पण परका म्हणजे अगणित नव्हे. पतसंस्थेच्या ठेवीदारांची तर यादीच असते. नाव, रक्कम, मुदत, सगळं ऑडिटरच्या टेबलावर.

सत्यम घोटाळ्यानंतर आलेल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात, कलम २४५ खाली, ठेवीदारांना एकत्र येऊन ऑडिटरकडून भरपाई मागता येते. पतसंस्था मात्र कंपनी नाही. तिला १९६० चा सहकार कायदा लागतो. त्याच्या कलम ८१ प्रमाणे गुन्हा आढळला तर ऑडिटरनं निबंधकाला कळवायचं, त्यांच्या परवानगीनं फिर्याद द्यायची. नाही दिली तर पॅनेलवरून नाव जातं. बरं, नाव गेलं. ठेवीचं काय? बँकेच्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीला तोही नाही. आणि ठेवीदार नाममात्र सभासद असेल, तर ऑडिटर कोण नेमायचा या ठरावावर त्याला हातही वर करता येत नाही.