हौशी नाटकमंडळ्या आणि धंदेवाईक रंगभूमि

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहितांना नाटकांच्या प्रथम प्रयोगांच्या तारखा आणि नामवंत नटांचीं चरित्रें यांवर भर देण्याचा प्रघात आहे. कंपन्यांत माणसें कोणत्या वाटेनें आलीं, हा प्रश्न त्यामुळें मागें पडतो. वास्तविक नाटक कंपनी केवळ गुणी माणसांच्या बळावर उभी राहत नाहीं; त्यांना एकमेकांच्या कामाची पारख आधींपासून असावी लागते. ही पारख हौशी मंडळ्यांत कशी होत असे, हें किर्लोस्कर व देवल यांच्या उदाहरणावरून दाखविण्याचा येथें विचार आहे.

आरंभीं एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. विष्णुदास भावे यांनीं इ. स. १८४३ मध्यें सांगलीस नाट्यप्रयोग केला, तो संस्थानाधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें. इ. स. १८५१ मध्यें तो आश्रय तुटल्यावर मंडळीस पोटासाठीं परमुलखीं जावें लागलें व १८५३ मध्यें ती मुंबईस पोंचली. येथें धंदा जन्मास आला तो राजाश्रय गेल्यामुळें. किर्लोस्करांचा मार्ग याहून निराळा होता.

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म इ. स. १८४३ मध्यें बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. पुण्यास शिकत असतांना त्यांना नाटकाचा नाद लागला. पुढें बेळगांवीं त्यांनीं १८६६ च्या सुमारास भरतशास्त्रोत्तेजक मंडळी काढली आणि १८७३ मध्यें शांकरदिग्जय हें नाटक लिहिलें. तेथें शिक्षकाचें काम करीत असतां गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे विद्यार्थी होते. हा गुरुशिष्यसंबंध पुढील कार्याच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा ठरला.

नंतर अण्णासाहेब रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरींत नोकरीस लागले. ही नोकरी सांभाळूनच त्यांनीं पुण्यास शाकुंतलाची तयारी केली. ता. ३१ आक्टोबर १८८० रोजीं आनंदोद्भव नाटकगृहांत पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले होते, तर शंकरराव मुजुमदार शकुंतला. हेच मुजुमदार पुढें कंपनीचे चालक झाले. ज्या प्रयोगास आपण संगीत रंगभूमीचा आरंभ मानतों, त्याचा उत्पादक तेव्हां कचेरींत लेखणी चालवून पोट भरीत होता, ही गोष्ट विसरतां कामा नये.

देवलांचें उदाहरण तर याहूनहि बोलकें आहे. इ. स. १८७९ मध्यें पुण्यास सुशिक्षितांची आर्योद्धारक नाटकमंडळी निघाली, तींत ते होते. महादेवशास्त्री कोल्हटकर यांनीं १८६७ मध्यें मराठींत आणलेलें ऑथेल्लो या मंडळीनें रंगभूमीवर आणलें. वाक्याचा अर्थ फोडून अभिनय करण्याची जी संवय देवलांना येथें लागली, तिचें चीज धंदेवाईक कंपन्यांत झालें. शेक्सपियरच्या त्याच नाटकावरून त्यांनीं १८९० मध्यें झुंझारराव सिद्ध केलें. किर्लोस्कर मंडळीचे तालीम मास्तर म्हणून त्यांचा लौकिक झाला, आणि १८९९ मध्यें त्याच मंडळीनें त्यांचें शारदा रंगभूमीवर आणलें. गुरूच्या मंडळींत शिष्यास जागा मिळाली, ती केवळ नात्यानें नव्हे. हौसेच्या काळांत त्यानें कमावलेली विद्या कंपनीस हवी होती.

याविरुद्ध असा आक्षेप येईल कीं, भाऊराव कोल्हटकर बडोद्याहून १८८२ मध्यें कंपनींत आले ते गोड गळ्यामुळें, आणि बालगंधर्वांचा १९०५ मधील प्रवेशहि तसाच. हा आक्षेप खरा आहे. पण त्यानें मूळ मुद्दा खोडला जात नाहीं, उलट स्पष्ट होतो. गायकनटाचा गुण एका बैठकींत कळतो. नाटककार, तालीम मास्तर व गद्यनट यांचा गुण मात्र महिनोन्‌महिने एकत्र तालमी केल्यावांचून कळत नाहीं. म्हणून पहिल्या वर्गास कंपनीचें दार कंठानें उघडे, दुसऱ्यास सहवासानें.

विसाव्या शतकांतहि हा क्रम टिकला. डॉ. श्रीराम लागू शस्त्रवैद्याचा व्यवसाय करीत पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्यें कामें करीत असत. १९६९ मध्यें ते पूर्णवेळ नट झाले. इ. स. १९५४ मध्यें सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेनें तर ही वाट सर्वांस मोकळी केली. पूर्वीं एका शहरांतील ओळखींवर जें अवलंबून असे, त्यास आतां परीक्षकांपुढील प्रयोगाची जोड मिळाली.

या ठिकाणीं मराठवाड्याचा विचार केला पाहिजे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता आणि १९५६ मध्यें मुंबई राज्यांत आला. किर्लोस्करांची कंपनी जेथें घडली तें पुणें व जेथें अंकुर धरला तें बेळगांव, दोन्हीं मुंबई इलाख्यांत; दिंद्रुडसारख्या गांवाच्या आणि त्यांच्यामध्यें राज्याची सीमा होती. गुणाचा अभाव आणि ओळखीचा अभाव या दोन भिन्न गोष्टी होत. ज्या प्रदेशांतून धंदेवाईक रंगभूमीवर थोडीं नांवें दिसतात, तेथें नाट्यगुण कमी होता असें अनुमान काढणें हें इतिहासाच्या दृष्टीनें चुकीचें ठरेल.

म्हणून गांवोगांवच्या हौशी मंडळ्यांचे हिशेब, पात्रांच्या याद्या, प्रयोगांचीं हस्तपत्रकें व तालमीच्या वह्या यांस दप्तराचा मान देऊन त्या जपल्या पाहिजेत. बखरीचें पान गेलें तर आपण हळहळतों. पण दिंद्रुडच्या एखाद्या घरांत पडलेल्या पात्रयादींत एखादा देवल तालमीस बसलेला असेल, याचें भान आपणांस अद्याप पुरतेपणीं आलेलें नाहीं.