रोमकांचें आवरण

इ. स. १६७६ च्या ऑक्टोबर महिन्यांत हॉलंडमधील डेल्फ्ट गांवच्या लेव्हेनहूक नांवाच्या कापडव्यापाऱ्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीला एक लांबलचक पत्र धाडलें. पाण्याच्या थेंबांत वावरणाऱ्या सूक्ष्म जीवांची हकीकत त्यांत होती. त्यांतील कांहींच्या अंगाला अति बारीक पाय असून त्यांच्या योगें ते चपळाईनें फिरतात, असें त्यानें नमूद केलें. हे 'पाय' म्हणजेच शास्त्रज्ञांचे रोमक होत.

रोमक म्हणजे वल्हें, ही समजूत पुढें दीर्घकाळ टिकली. साहजिकच संशोधकांचें लक्ष हें वल्हें हालतें कसें, याकडेच लागलें. १९६३ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत इयन गिबन्स यांनीं टेट्राहायमिना या एकपेशीय जीवाचे रोमक वेगळे केले, त्यांवरील पटल डिजिटोनिन नांवाच्या द्रव्यानें विरघळवून टाकलें आणि आंतील गाभ्यांतून गति देणारें प्रथिन हस्तगत केलें. शोध मोठाच होता. परंतु पटल मात्र फळाच्या सालीप्रमाणें बाजूला पडलें.

वास्तविक त्या सालीचें महत्त्व सुचविणारा पुरावा १९०५ सालींच पुढें आला होता. जर्मन शास्त्रज्ञ रोस्ले यांनीं पॅरामीशियम हे जीव प्राण्यांच्या शरीरांत टोंचले. त्या प्राण्यांच्या रक्तद्रवांत असा गुण उत्पन्न झाला कीं, तो पाण्यांत मिसळतांच पॅरामीशियमची हालचाल थांबे. याचें कारण मागाहून उमगलें. या जीवाच्या अंगावर व रोमकांवर एक मोठें प्रथिन पसरलेलें असतें. रक्तद्रवांतील प्रतिपिंड त्यालाच चिकटून रोमकांना जखडून टाकतात.

तथापि पटलांतील इतर प्रथिनें हातीं लागणें दुर्घट होतें. कारण तीं स्निग्ध थरांत रुतलेलीं असून पाण्यांत उतरत नाहींत. १९८१ सालीं बोर्दिए यांनीं एक युक्ति प्रसिद्ध केली. ट्रायटन एक्स-११४ हें साबणासारखें द्रव्य बर्फाइतक्या थंड पाण्यांत विरघळतें. पण सुमारें २० अंश सेंटिग्रेडच्या वर तापलें कीं द्रावण गढूळ होऊन त्याचे दोन थर पडतात. पाण्याशीं सख्य असलेलीं प्रथिनें एका थरांत राहतात, पटलांत रुतणारीं दुसऱ्या थरांत उतरतात. मग त्यांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचें वस्तुमान मोजलें कीं प्रथिनाची ओळख पटते. याच मार्गानें पॅरामीशियमच्या रोमकपटलांतील प्रथिनांची यादी अमेरिकेंतील व्हरमाँट विद्यापीठांत तयार होऊन २०१३ सालीं प्रसिद्ध झाली.

या खटाटोपाचा मनुष्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. मूत्रपिंडांत द्रवाच्या पिशव्या वाढून तें निकामी करणारा एक आनुवंशिक रोग आहे. त्या रोगांत बिघडणाऱ्या प्रथिनांपैकीं पॉलिसिस्टिन-२ हें प्रथिन २००७ सालीं क्लॅमिडोमोनस या एकपेशीय शैवालाच्या रोमकांतहि आढळलें. त्याचें स्थान पटलांत असून विद्युद्भारित कणांना वाट देणें हें त्याचें काम. मूत्रपिंडाच्या नलिकांतील रोमक वल्ह्यासारखे हालत नाहींत. त्यामुळें त्यांच्या बिघाडाचा खुलासा वल्ह्याच्या शास्त्राकडून मिळण्यासारखा नव्हता. एके काळीं विरघळवून टाकलेल्या त्या पटलांतच तो शोधावा लागला.