पाणबुडी आणि लाट

पाणबुडीला धोका खोल पाण्यात, वर आली की ती सुखरूप, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. वर्गात मुलांनाही तसेच सांगत आलो. जर्मन कप्तान ओटो वेडिगेन याची हकीकत वाचली आणि माझा तो समज पार पालटला.

१९१४ चा सप्टेंबर. उत्तर समुद्रात वादळ उठले, तेव्हा वेडिगेनची 'यू-९' तळाशी जाऊन दडली. लाटेतले पाणी पुढे धावत नाही. ते जागच्या जागी गिरक्या घेते. खाली जावे तसतशा या गिरक्या लहान होत जातात. लाटेच्या दोन माथ्यांत जेवढे अंतर, त्याच्या निम्म्या खोलीवर त्या जवळजवळ विरून जातात. खरी पंचाईत पृष्ठभागाच्या अगदी खाली. तिथे लाट पाणबुडीला वर ओढते, आणि ती जितकी वर येईल तितकी ओढ वाढते. टाक्यांत जादा पाणी घेऊन जड व्हावे, तर ओढ संपताच धोंड्यासारखे खाली! आमच्या गृहिणीच्या ताकातल्या लोण्याला असला जाच नसतो.

त्याच वादळाने ब्रिटिश क्रूझरांच्या सोबतीच्या विनाशिका बंदरात परतल्या होत्या. २२ सप्टेंबरच्या पहाटे समुद्र निवळला, पण विनाशिका आल्या नव्हत्या. 'अबूकीर', 'हॉग' आणि 'क्रेसी' या तीन जुन्या क्रूझर सरळ रेषेत, संथपणे चालल्या होत्या. वेडिगेनने तिन्ही बुडवल्या. १,४५९ माणसे गेली. बुडत्यांना वाचवायला थांबल्यामुळेच पुढच्या दोन सापडल्या, हे वाचताना मन विषण्ण होते.

यात एक क्षण असा आला, की वेडिगेनचाच निकाल लागला असता. 'हॉग'वर दोन टॉर्पेडो सुटले. तेवढे वजन नाकातून एकदम कमी झाले आणि 'यू-९' पाण्याबाहेर डोकावली! 'हॉग'च्या तोफा कडाडल्या. पाणबुडी कशीबशी पुन्हा खाली गेली.

जर्मनीत त्याचा जयजयकार झाला. १८ मार्च १९१५ रोजी स्कॉटलंडच्या उत्तरेस, 'यू-२९' घेऊन त्याने 'नेपच्यून' या युद्धनौकेवर टॉर्पेडो सोडला. पाणबुडीचे नाक पुन्हा वर आले. या वेळी समोरच 'ड्रेडनॉट' ही प्रचंड नौका होती. तोफा न डागता ती तशीच त्या नाकावर चालून गेली. 'यू-२९'वरचा एकही माणूस वाचला नाही.