परतीची वाट आणि शपथेची अट

नगरच्या भुईकोट किल्ल्याचे नाव निघाले की आपल्यापुढे १९४२ साल उभे राहते. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद तेथे स्थानबद्ध होते, हे शाळेतली पोरेही सांगतात. पण त्याआधी चाळीस वर्षे, याच नगरच्या छावणीत, समुद्रापलीकडून आणलेले शेतकरी कैदेत होते आणि ‘घरी जा’ म्हटले असताही जाईनात, ही हकीकत फारशी कोणी सांगत नाही. आज जगात कोट्यवधी माणसे घरादाराला पारखी झाली असताना ती सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हे शेतकरी म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले बोअर. ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही त्यांची दोन प्रजासत्ताके. ऑक्टोबर १८९९ मध्ये इंग्रजांशी त्यांचे युद्ध जुंपले. इंग्रजांनी त्यांची शेतघरे जाळली आणि बायकामुलांना छावण्यांत कोंडले. तेथे २५,००० हून अधिक जीव गेले, त्यांत बहुसंख्य मुले होती. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तेथेही हजारो मेले, पण त्यांचा हिशेब कोणी नीट ठेवला नाही. पकडलेल्या लढवय्यांपैकी सुमारे ९,००० हिंदुस्थानात आणले गेले. नगर, सातारा, त्रिचनापल्ली, अंबाला अशा ठिकाणी त्यांना ठेवले होते.

३१ मे १९०२ रोजी तह झाला. त्याचे दुसरे कलम आमच्या विषयाचे आहे. परदेशातील कैद्यांना जहाजांची सोय होईल तसतसे घरी पोचवावे, मात्र त्यांनी आधी राजा एडवर्डचे प्रजाजन असल्याचे मान्य करावे, असे ते सांगते. मालमत्ता राखण्याचे वचनही तहात होते, आणि घरे पुन्हा उभारण्यासाठी ३० लाख पौंड देऊ केले होते. बहुतेकांनी शपथ घेतली. शेकडोंनी नाकारली आणि ते नगरला अडून बसले. अखेर १९०३ साली त्यांचाच सेनापती द ला रे हिंदुस्थानात आला आणि त्याने त्यांची समजूत काढली.

ही अट आम्हां कामगारांना नवी नाही. आमच्या उमेदवारीच्या काळी एका कारखान्यात संप मिटल्यावर प्रत्येकाकडून ‘यापुढे संघटनेत जाणार नाही’ असे हमीपत्र मागितले गेले. सही करील तो फाटकाच्या आत, न करील तो बाहेर. घरी चुली विझल्या होत्या; बहुतेकांनी सही केली. सही करणाऱ्यांस आम्ही भित्रे म्हटले नाही, न करणाऱ्यांस हटवादी म्हटले नाही. दोष कागद पुढे करणाऱ्याचा होता.

पण बोअरांची गोष्ट येथे संपत नाही. त्याच युद्धात ट्रान्सवालमधले हिंदी व्यापारी आणि मजूरही पळून नाताळात गेले होते. तेही निर्वासितच. तह झाल्यावर त्यांना परतायचे होते. त्यांच्यासाठी मात्र वेगळे आशियाई खाते निघाले आणि परवान्यासाठी हेलपाटे सुरू झाले. गोऱ्याला परवाना सहज मिळे, हिंदी माणसाला दारात तिष्ठावे लागे. गांधीजी १९०२ च्या अखेरीस पुन्हा आफ्रिकेस गेले आणि या खात्याशी त्यांची गाठ पडली. परवान्यामागून नोंदणी आली, बोटांचे ठसे आले, आणि ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत प्रतिकाराची प्रतिज्ञा झाली. एकाच देशात, एकाच वर्षी, एकाला परतीचे जहाज आणि दुसऱ्याला बंद दार!

आणि काळ्या माणसाला काय मिळाले? तहाच्या आठव्या कलमाने त्याचा मताधिकार पुढे ढकलला. १९१३ च्या जमीन कायद्याने देशातली बहुतांश जमीन त्याला विकत घेण्यास बंद झाली. स्वतः परत आणलेल्यांनीच पुढे दुसऱ्यांना उठवले. १९९४ साली नवे राज्य आल्यावर जमीन परत मिळण्याचा कायदा झाला आणि त्याने दावे १९१३ पासूनचे धरले.

१० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. त्याचे तेरावे कलम प्रत्येकाला स्वदेशी परतण्याचा हक्क देते. मतदानात दक्षिण आफ्रिका तटस्थ राहिली. दुसऱ्याच दिवशी पॅलेस्टिनी निर्वासितांना, शेजाऱ्यांशी शांततेने राहण्याची इच्छा असल्यास, घरी जाऊ द्यावे आणि न जाणाऱ्यांस भरपाई द्यावी, असा १९४ क्रमांकाचा ठराव झाला. त्याला पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली. ती माणसे परतलेली नाहीत.

दुसऱ्याचे दोष दाखविताना आपले झाकू नयेत. नगर-श्रीरामपूरच्या बाजारपेठेत सिंधी कुटुंबे आली, राबली, येथलीच झाली. त्यांच्या वडिलांचे सिंधमधले दार कायमचे बंद झाले. पण जुलै १९४८ मध्ये आपणही पाकिस्तानातून परतू पाहणाऱ्या मुसलमानांसाठी परवाना लावला. १९५० च्या नेहरू-लियाकत कराराने बंगालच्या निर्वासितांना ३१ डिसेंबरपर्यंत परतल्यास घर-जमीन परत देण्याचे कबूल केले. कागदावर का होईना, ते चांगले होते.

आम्ही इतकेच मागतो: परतू इच्छिणाऱ्यास वाट खुली असावी, परतल्यावर त्याची जमीन त्याला मिळावी, मान वाकवण्याचा कागद त्याच्यापुढे येऊ नये. ज्याला परतायचे नसेल त्याच्यावर सक्तीही नको. आणि बोअरांसाठी जे मागायचे तेच हिंदी मजुरासाठी, काळ्या कुळासाठी, सिंध्यासाठी आणि पॅलेस्टिनी शेतकऱ्यासाठी मागायचे.