काविळीचा काढा: श्रेय कोणाचे?

१/ २०१२ च्या उन्हाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. दूषित पाण्यातून पसरणारा ‘हिपॅटायटिस ई’ विषाणू तिच्या मुळाशी होता.

२/ या काविळीतून बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. गर्भवतींना मात्र ती प्राणघातक ठरू शकते. बरे झालेला रुग्ण श्रेय देतो ते त्या काळात घेतलेल्या कुटकीच्या वा भुईआवळ्याच्या काढ्याला.

३/ चीनमध्येही अशी परंपरा आहे. इ.स. २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग यांनी ‘श्याओ छाइहू थांग’ हा सात घटकांचा काढा मुख्यतः तापाच्या विकारांसाठी सांगितला. विसाव्या शतकात जपानमध्ये तो जुनाट यकृतदाहावर सर्रास दिला जाऊ लागला.

४/ १९९६ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने तातडीचा इशारा दिला: १९९४ पासून हा काढा घेणाऱ्या ८८ रुग्णांना फुप्फुसाचा गंभीर दाह झाला होता, त्यांपैकी १० दगावले.

५/ प्राचीनता हा निर्धोकतेचा पुरावा नव्हे. काढा घ्यायचाच, तर काविळीचे कारण तपासून आणि डॉक्टरांना सांगून, पूरक म्हणूनच घ्यावा. इचलकरंजीच्या साथीवरचा खरा उपाय तर शुद्ध पाणी हाच होता.