हळदीच्या रंगाची परीक्षा

हळदीतला पिवळा रंग फोगेल आणि पेल्तिए या दोघांनी १८१५ साली वेगळा काढला. त्याचं नाव कर्क्युमिन. रेणूची रचना कळायला १९१० उजाडलं. खाऊच्या पाकिटावर 'ई १००' दिसलं, तर तो हाच. नैराश्याच्या रुग्णांवर त्याची चाचणी व्हायला मात्र एकविसावं शतक यावं लागलं.

केशराचा नंबर त्याआधी लागला. तेहरानमध्ये २००४ साली ३० रुग्णांवर केशर आणि इमिप्रामिन हे जुनं औषध यांची तुलना झाली. निकाल जवळपास सारखा. पण तिथले संशोधक तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी ४० जणांवरची चाचणी आली, या वेळी केशराच्या समोर नकली गोळी होती, आणि केशर सरस ठरलं.

हळदीची गाजलेली चाचणी भावनगरची. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ६० रुग्णांचे तीन गट केले: एकाला फ्लुओक्सेटिन, दुसऱ्याला रोज १००० मिलिग्रॅम कर्क्युमिन, तिसऱ्याला दोन्ही. सहा आठवड्यांनी चांगला फरक पडलेले अनुक्रमे ६४.७, ६२.५ आणि ७७.८ टक्के. २०१४ मध्ये हे छापून आलं आणि 'हळद प्रोझॅकच्या तोडीची' असं सगळीकडे फिरू लागलं. असा मेसेज वाचून कुणी चालू गोळ्या एकदम बंद केल्या, तर त्रास उलटून येतो, म्हणून हा निकाल नीट वाचायला हवा. या चाचणीत नकली गोळीचा गटच नव्हता. नैराश्यात नुसत्या नकली गोळीनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं; कुणीतरी नियमित विचारपूस करतं, दिवसही जातात. मग ६२.५ मधले हळदीचे किती? कंट्रोल ग्रुपशिवाय आम्ही ॲपमधलं बटणसुद्धा बदलत नाही!

नकली गोळीसमोर हळद उभी राहिली, तेव्हा चित्र धूसर झालं. इस्राएलमधल्या ४० रुग्णांत लक्षणीय फरक दिसला नाही. ऑस्ट्रेलियात ५६ जणांत पहिले चार आठवडे काही नाही, नंतर कर्क्युमिन पुढे. २०१७ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी आणखी मुळावर घाव घातला: हा रेणू शरीरात नीट शोषला जात नाही, टिकत नाही. शिवाय तो स्वतःच चमकतो, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या प्रकाश मोजणाऱ्या चाचण्यांमध्ये नसलेला परिणाम दिसू शकतो. म्हणजे रंगच यंत्राला फसवतो.

आणि मेसेजमधलं हळदीचं दूध? हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. भावनगरचा डोस दुधातून घ्यायचा, तर रोज तीसेक ग्रॅम हळद ढवळावी लागेल.